रणोत्सवाला मुलांना न्यायचं का?

नोव्हेंबरातल्या एका रात्री जेवताना नवऱ्याने विषय काढला, "यंदा रणोत्सवाला जाऊ या." आठ वर्षांच्या थोरलीने लगेच हो म्हटलं. साडेचार वर्षांच्या धाकट्याने तिथे उंट आहेत का एवढंच विचारलं. सासूबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मुलांना घेऊन? त्या थंडीत? तुम्ही दोघं जाऊन या. मी सांभाळते यांना."

आमच्या घराची गंमत अशी की आजेसासऱ्यांचे वडील गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. पण सुट्टी लागली की आमची गाडी दक्षिणेकडेच वळते. पुणे, कोकण, नरसोबाची वाडी. इतकी वर्षं गुजरातेत काढूनही घरातल्या कुणी कच्छ पाहिलेला नव्हता. त्यामुळे "आपण इथले असून पाहिलं नाही" हा नवऱ्याचा मुद्दा खरा होता.

सासूबाईंचं म्हणणंही खरं होतं. धाकट्याला बालदमा आहे. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने रात्री अकरा वाजता त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर आहे, तरी ती दहा मिनिटं मला अजून आठवतात. रणोत्सव भरतो ते धोरडो गाव भूजपासून ऐंशी किलोमीटरवर. म्हणजे मोठ्या दवाखान्यापर्यंत दीड तास, तोही मध्यरात्री.

आपल्या मंडळातल्या दोन-तीन मैत्रिणींनी मला नंतर हेच विचारलं, की लहान मुलांना घेऊन जावं का? त्यांना फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

कागदावरचा हिशेब

आम्ही एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. एका बाजूला "का जावं", दुसऱ्या बाजूला "का नको".

"का नको" लवकर भरलं. जानेवारीत तिथे दिवसा ऊन चांगलं असतं, पण सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो. उघड्यावर वारा. धूळ. प्रवास लांबचा. संध्याकाळचे कार्यक्रम मुलांच्या झोपेच्या वेळेला. शिवाय साडेचार वर्षांच्या मुलाला यातलं काय आठवणार, हा प्रश्न होताच.

"का जावं" च्या बाजूला थोरलीने स्वतः लिहिलं, "मीठाचं वाळवंट". तिच्या भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं. कच्छचं मोठं रण म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. पावसाळ्यात समुद्राचं आणि पावसाचं पाणी त्या सपाट जमिनीवर पसरतं, पुढे उन्हाने आटत जातं आणि हिवाळ्यापर्यंत मागे मिठाचा पांढरा थर राहतो. नोव्हेंबरात पुष्कळदा जमीन ओली असते, पाय रुततो. मीठ नीट घट्ट झालेलं पाहायचं तर डिसेंबरअखेर किंवा जानेवारी बरा. म्हणजे जेव्हा रण सगळ्यात छान, तेव्हाच थंडी सगळ्यात जास्त.

मी त्याच बाजूला लिहिलं, "कारागीर". गुजरात सरकारचा हा उत्सव साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालतो. धोरडोला तंबूंचं शहर उभं राहतं, संध्याकाळी लोकसंगीत आणि नाच होतात, कच्छी भरतकामाची आणि विणकामाची दुकानं लागतात. पण मला मुलांना दुकान दाखवायचं नव्हतं. वस्तू करणारा माणूस त्याच्या घरात बसून ती कशी करतो, ते दाखवायचं होतं. कच्छमध्ये ते अजून शक्य आहे.

मग आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाही म्हटलं नाही. इनहेलर आणि स्पेसर हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. धूर टाळा. छाती वाजायला लागली तर काय करायचं, किती वेळ वाट पाहायची आणि कधी गाडी काढायची, हे त्यांनी एका कागदावर क्रमाने लिहून दिलं. शेवटी म्हणाले, "एक मोठं माणूस कायम याच्यासाठी मोकळं ठेवा. ज्याला कार्यक्रम सोडून उठायला वाईट वाटणार नाही असं."

हा मुद्दा घरी सांगितला तेव्हा सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं.

दशमीचा चंद्र

रणोत्सवाला जाणारे सगळे पौर्णिमा शोधतात. चांदण्यात पांढरं रण पाहायचं म्हणून त्या रात्री गर्दीही जास्त आणि राहण्याचे दरही चढे. आम्हीही पौर्णिमेचीच तारीख पाहत होतो.

"पौर्णिमा कशाला हवी?" सासूबाई म्हणाल्या. "पौर्णिमेला चंद्र उगवतोच मुळी दिवेलागणीला. वर यायला आठ-साडेआठ होतील. तोवर हा जागा राहणार आहे का? दशमीला चंद्र दुपारीच उगवतो. सूर्य मावळतो तेव्हा चांगला वर आलेला असतो. पाहा आणि घरी या."

आम्ही दोघं इंजिनिअर, पण हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. उत्तरायणानंतरच्या आठवड्यात पौष शुद्ध दशमी होती. तीच ठरली. तुम्ही लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर शुद्ध नवमी ते एकादशी या तिथी पाहा. वद्य पक्षात जाऊ नका, चंद्र दिवसेंदिवस उशिरा उगवतो.

दुसरी गोष्ट सासूबाईंनीच शोधली. रणाच्या काठावर काळो डुंगर आहे, साधारण ४६० मीटर उंच, कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर. त्याच्या माथ्यावर दत्ताचं देऊळ आहे. आमच्याकडे दत्ताचं मोठं. वर्षातून दोनदा गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या समाधीला जाणं ठरलेलं. "दत्त तिथे आहे तर मीही येते," त्या म्हणाल्या. "मोकळं माणूस हवंच आहे ना तुम्हाला?" म्हणजे ज्या नको म्हणत होत्या, त्याच आता आमच्यात सामील झाल्या.

निरोणाच्या घंटा

भूजला जाणाऱ्या गाडीचं नाव सयाजीनगरी एक्स्प्रेस. बडोदेकरांना आणखी काय हवं! रात्री बडोद्याला बसलो, पहाटे भूज. पहिला दिवस आम्ही मुद्दाम काहीच केलं नाही. दुपारी जवळच्या भुजोडीला जाऊन विणकरांचे माग पाहिले, एवढंच. प्रवासानंतर मुलांना एक दिवस द्यायचा हे आम्ही ठरवलं होतं, आणि ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी निरोणा गाठलं. भूजपासून तासाभराचा रस्ता. इथे खत्री घराण्याची रोगन कला आहे. एरंडेल तेल उकळून उकळून चिकट करतात, त्यात रंग मिसळतात आणि लोखंडी काडीने त्याची तार काढत कापडावर नक्षी करतात. काडी कापडाला लागतच नाही. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडायचं, दुसऱ्या बाजूला तीच उमटते. याच घराण्यातल्या अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. थोरली अर्धा तास हलली नाही. तिच्या तळहातावर कारागिरांनी रंगाची एक बारीक पिवळी वेल काढून दिली, ती तिने रात्री हात धुताना जपली.

धाकटा मात्र बाहेर कुठल्यातरी आवाजाकडे ओढत होता. शेजारच्या गल्लीत लोहारांचं घर होतं. ते गुरांच्या गळ्यातल्या घंटा करतात. लोखंडी पत्रा ठोकून गोल करायचा, तुकडे एकमेकांत अडकवायचे, झाळ न देता. मग माती आणि तांब्या-पितळेची भुकटी लावून भट्टीत भाजायचं. आत लाकडी लोलक. शेवटी कानाशी धरून हातोडीने कड ठोकत ठोकत सूर लावायचा. प्रत्येक आकाराचा नाद वेगळा. गुराखी नादावरून आपलं जनावर ओळखतो.

धाकट्याने एकेक घंटा कानाला लावून वाजवली. पंधरा-वीस तरी. कुणी त्याला घाई केली नाही. मग एक निवडली, ती सगळ्यात मोठीही नव्हती आणि चकचकीतही नव्हती.

कारागीर आपल्या मुलाशी वेगळ्याच भाषेत बोलत होते आणि आमच्याशी गुजरातीत. थोरलीने मला हळूच विचारलं, "आई, हे काय बोलतात?" मी सांगितलं, कच्छी. घरात कच्छी, शाळेत आणि बाजारात गुजराती. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच."

घरात मराठी बोल म्हणून मी या मुलीच्या मागे किती लागते ते तिलाच विचारा. वर्गात आपलीच भाषा वेगळी का, हा तिचा नेहमीचा रुसवा. त्याचं उत्तर मला कधी नीट देता आलं नव्हतं.

ती रात्र

धोरडोच्या वाटेवर भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर परवाना काढावा लागतो. सीमेजवळचा भाग आहे. ओळखपत्रांच्या प्रती सोबत ठेवा, मुलांच्याही. तिथला मावा प्रसिद्ध आहे, बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा. तो घ्याच.

साडेचारला रणात पोचलो. समोर सगळं पांढरं, क्षितिजापर्यंत. उन्हात डोळे उघडत नाहीत. मुलांसाठी काळे चष्मे नेले होते ते उपयोगी पडले. "चाटायचं नाही" असं चौघांनी आळीपाळीने बजावल्यावर धाकट्याने मीठ चाटलं. "खारट आहे," त्याने जाहीर केलं. सूर्य लाल होऊन मावळला, आणि मागे वळून पाहिलं तर सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे चंद्र वर आलेला होता. हळूहळू मीठ निळसर दिसायला लागलं. सासूबाई चप्पल काढून उभ्या राहिल्या. सात वाजता आम्ही परत फिरलो.

आम्ही तंबूत न राहता जवळच्या गावात भुंग्यात उतरलो होतो. भुंगा म्हणजे कच्छी गोल घर. जाड मातीच्या भिंती, आत आरसे लावलेलं लिंपणकाम, वर गवताचं छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधली पक्की घरं कोसळली, पण असे बरेच भुंगे तगले. मी तेव्हा शाळेत होते, झेंडावंदनाला. बडोद्यातही जमीन हलली होती. ते मी मुलांना सांगत होते. मातीच्या भिंती थंडी बरीच अडवतात, त्यामुळे लहान मुलांसाठी तंबूपेक्षा भुंगा मला बरा वाटला.

जेवणानंतर अंगणात शेकोटी पेटली आणि गाणं सुरू झालं. आम्ही खुर्च्या जवळ ओढून बसलो. डॉक्टरांनी धूर टाळा म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही शेकोटीपाशी! थंडी होती, गाणं छान होतं, दहा मिनिटांनी उठू म्हटलं. वारा फिरला, धूर आमच्याकडे आला. धाकटा दोनदा खोकला. तिसऱ्यांदा खोकला तेव्हा मला तो आवाज ओळखू आला.

सासूबाई त्याला उचलून आत घेऊन गेल्यासुद्धा होत्या. मी पिशवी घेऊन धावले. स्पेसर लावला, कागदात लिहिल्याप्रमाणे औषध दिलं, घड्याळ लावून बसले. त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. नवऱ्याने ड्रायव्हरला गाडी तयार ठेवायला सांगितलं. ते आधीच जागे होते. "बेन, चिंता ना करशो, भूज दोढ कलाक," म्हणाले. पंधरा-वीस मिनिटांनी श्वास हलका व्हायला लागला. तासाभरात तो झोपला.

मी झोपले नाही. कंदिलाच्या उजेडात त्याची छाती वरखाली होताना पाहत बसले. भिंतीतले छोटे आरसे लुकलुकत होते. रात्री दोनला वाटलं, आईंचं ऐकायला हवं होतं. कशासाठी आणलं याला? फोटोसाठी? त्याच वेळी सासूबाई कुशीवर वळल्या. जाग्याच होत्या. मी म्हटलं, "चुकलंच आमचं." त्या म्हणाल्या, "शेकोटीपाशी बसलो ते चुकलं. आणलं ते नाही. झोप आता, मी बघते."

जोडिया पावा

पहाटे रणातला सूर्योदय पाहायचा बेत होता. तो सोडला. नऊपर्यंत सगळे झोपलो. आमच्याबरोबर उतरलेले बाकीचे पाहुणे पहाटेच निघून गेले होते, अंगण रिकामं होतं.

आदल्या रात्रीचे एक वादक ऊन खात बसले होते. धाकटा घंटा वाजवत बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि पिशवीतून दोन पावे काढले. जोडिया पावा. दोन्ही एकदम तोंडात धरतात, एकावर सूर धरलेला राहतो, दुसऱ्यावर चाल वाजते. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि मध्ये थांबलेच नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं, सूर तुटेना.

धाकट्याने माझा पदर ओढला. "आई, त्यांचा श्वास संपत का नाही?"

मी गुजरातीत विचारलं. ते हसले. गाल फुगवून दाखवले. हवा गालात साठवायची, ती तोंडातून ढकलत असतानाच नाकाने नवी घ्यायची. शिकायला वर्षं लागतात. मग त्यांनी त्याचा हात आपल्या गालावर ठेवला आणि पुन्हा वाजवलं. हाताखाली गाल फुगतोय, उतरतोय, आणि सूर चालूच. धाकटा डोळे मोठे करून बघत होता. आदल्या रात्रीच्या गाण्याला आम्ही दहा मिनिटं बसलो होतो, हे तासभर चाललं. प्रेक्षक पाच.

दुपारी काळ्या डुंगरावर गेलो. इथे आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात ठेवायची प्रथा आहे. कथा अशी की भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला काही नव्हतं म्हणून दत्तगुरूंनी आपलं अंगच पुढे केलं, "ले अंग" म्हणाले. त्याचंच "लोंग" झालं, आणि अजून तशी हाक देऊन कोल्ह्यांना बोलावतात. आम्हाला ते दिसले नाहीत. थोरली हिरमुसली. सासूबाईंनी मात्र देवळात बराच वेळ डोळे मिटले होते. वरून रण पाहिलं, ढगांखाली पसरलेल्या दुधासारखं. अंधार पडायच्या आत भूजच्या वाटेला लागलो.

शेवटच्या दिवशी अजरखपूरचं हस्तकलांचं संग्रहालय पाहिलं आणि रात्रीच्या गाडीने परत. धोरडोच्या मोठ्या मंचावरचा एकही कार्यक्रम आम्ही पाहिला नाही. उंटगाडीत मात्र बसलो, नाहीतर धाकट्याने घरी येऊ दिलं नसतं.

तर मग न्यायचं का?

तीन वर्षांखालचं मूल असेल तर मी नेणार नाही. चार-पाच वर्षांपुढे न्यावं, पण उत्सव त्याच्या वेळापत्रकाने पाहायची तयारी असेल तरच. मोठा कार्यक्रम, पौर्णिमा, सूर्योदय यांतलं काही सोडावं लागेल हे आधीच मान्य करून निघावं. ते जमणार नसेल तर मुलांना आजीकडे ठेवून दोघांनी जावं, त्यातही काही वाईट नाही.

नेणार असाल तर एवढं करा. मुलाला काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सूचना लिहून घ्या. मुलामागे एक मोठं माणूस मोकळं ठेवा. भूजला दोन रात्री, रणाजवळ एकच. कानटोपी, मोजे, काळे चष्मे, भरपूर पाणी. स्वतःची गाडी किंवा रात्रभर थांबणारा ड्रायव्हर. गावातल्या कारागिरांकडे सकाळी जा आणि दिवसात एकाच गावाला. आणि शेकोटी लांबून बघा.

धाकट्याला पुढे काय आठवेल ते मला माहीत नाही. सध्या घंटा आमच्या दाराला बांधलेली आहे. दार वाजलं की आतूनच ओरडतो, "बाबा आले," "आजी आली." बरोबर ओळखतो की अंदाजाने सांगतो, ते अजून कळलेलं नाही. नेब्युलायझर लावायची वेळ आली की आता गाल फुगवून बसतो, तसं करू नये म्हणून रोज सांगावं लागतं.

आमचा तो मधोमध रेघ मारलेला कागद अजून फ्रिजवर आहे. "का नको" मधली एकही ओळ खोटी ठरली नाही. सासूबाईंनी दुसऱ्या बाजूला सगळ्यात खाली पेन्सिलने लिहिलं आहे, "कोल्हे राहिले."